मुलाच्या ताब्याचा निकाल घटस्फोटाच्या दिवशी लागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घटस्फोटानंतर मुलांचा ताबा कोणाला मिळतो, याविषयीचा लेख वाचला. कायद्याची कलमे त्यात व्यवस्थित दिली आहेत. मात्र आधी घटस्फोट होतो आणि मग न्यायालय दोन्ही बाजू ऐकून ताब्याचा निर्णय करते, असे त्या लेखात गृहीत धरलेले दिसते. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना मला जे दिसते ते याच्या जवळपास उलट आहे. नवरा-बायको वेगळे राहू लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे कोणत्याही न्यायालयात एकही कागद दाखल झालेला नसताना, मूल कोणाकडे वाढणार हे बहुतेक वेळा ठरून गेलेले असते. पुढे काही वर्षांनी न्यायालयाचा जो आदेश येतो, तो अनेकदा या आधीच ठरलेल्या गोष्टीवरचा शिक्का असतो. या पहिल्या महिन्यांविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

विभक्त होण्याची सुरुवात आपल्या घरांत क्वचितच ठरवून होते. भांडण विकोपाला जाते आणि 'चार दिवस जरा शांत होऊ दे' म्हणून आई मुलाला घेऊन माहेरी जाते. किंवा उलट घडते : सुनेला घराबाहेर काढले जाते आणि 'तुला जायचे तर जा, मूल आमचे आहे' असे सांगून मूल ठेवून घेतले जाते. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत आणि दोन्हींत समोरची बाजू प्रथम नातेवाइकांकडे, मग पोलीस ठाण्यात जाते. पोलीस 'ही कौटुंबिक बाब आहे, कोर्टात जा' असे सांगतात. त्यावर लोक चिडतात, परंतु पोलिसांचे म्हणणे बहुधा चुकीचे नसते, कारण न्यायालयाचा आदेश नसताना आई आणि वडील या दोघांपैकी कोणीही मुलाला जवळ ठेवू शकते. उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस), म्हणजे बेकायदा अडकवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची, याचिका करण्याचा मार्ग आहे. मात्र ताब्याच्या वादात ही याचिका अपवादात्मक परिस्थितीतच चालते आणि नेहमीचा मार्ग पालक व पाल्य अधिनियमाचाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात आईच्या मृत्यूनंतर तान्ही मुलगी मावशीकडे होती, वडील जिवंत आणि सक्षम होते, म्हणून याचिका मान्य झाली. आई आणि वडील समोरासमोर असतात तेव्हा गोष्ट इतकी सोपी राहत नाही.

मग जून महिना येतो. माहेरच्या गावातल्या शाळेत मुलाचे नाव घातले जाते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला एवढ्या कारणावरून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुलाच्या दृष्टीने ही तरतूद अगदी योग्य आहे, पण तिचा एक परिणाम असा की दुसऱ्या पालकाला कळण्याच्या आत मुलाचे गाव, शाळा, मित्र, कधी कधी माध्यमसुद्धा बदललेले असते. पालक व पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 9 प्रमाणे अर्ज तिथेच करावा लागतो जिथे मूल सर्वसाधारणपणे राहते. पुण्यात संसार असलेल्या जोडप्याचे मूल नागपूरला नेले गेले की ते 'सर्वसाधारणपणे' कुठे राहते, यावरच पहिला वाद सुरू होतो. या वादात मुलाच्या हिताचा प्रश्न अजून आलेलाही नसतो. अर्ज कोणत्या न्यायालयाने ऐकायचा एवढेच ठरवण्यात तारखांमागून तारखा जातात आणि तोवर मुलाचे त्या नव्या शाळेतले वर्ष पूर्ण होते.

अखेर अंतरिम, म्हणजे दावा निकाली निघेपर्यंतच्या, ताब्याचा अर्ज सुनावणीला येतो, तेव्हा न्यायाधीशांसमोर असलेले चित्र असे असते : मूल अमुक महिने एका घरात राहिले आहे, शाळेत रुळले आहे, प्रगतिपुस्तक चांगले आहे, शेजारपाजार ओळखीचा झाला आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 13 नुसार मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार असतो. त्यामुळे रुळलेल्या मुलाला पुन्हा उपटून दुसरीकडे न्यावे का, असा प्रश्न न्यायाधीशांना पडणे स्वाभाविक आहे. त्यांचा दोष मी मानत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की हे 'रुळणे' मुख्यतः विलंबातून निर्माण झालेले असते आणि विलंब करणाऱ्यालाच त्याचा लाभ मिळतो. हे आम्हा वकिलांना चांगले ठाऊक आहे. 'मूल तुमच्याकडे आहे ना, मग घाई कशाला करता' हा सल्ला आमच्याच व्यवसायातून दिला जातो आणि 'कोर्टात जाऊ नका, चिडतील, समजुतीने घेऊ' असा सल्ला ऐकून थांबलेला पालक नेमका त्याच काळात मागे पडतो.

याला अपवाद नाहीत असे नाही. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, लहानपणापासून वडिलांकडे आणि त्यांच्या आईवडिलांकडे वाढलेल्या आठ वर्षांच्या मुलीचा ताबा आईला देण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. एकाच पालकाच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी अढी कशी घातली जाते, याची दखल त्या निकालात घेतली गेली. पण त्या मुलीचे आईपासून दूर गेलेले बालपण त्या निकालाने परत आले असे कोण म्हणेल? आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडण्याइतका पैसा व दम किती आयांकडे असतो?

या पहिल्या महिन्यांत घरोघरी जे निर्णय घेतले जातात, त्यांच्या मागे कायद्याविषयीचे काही पक्के गैरसमज असतात. सर्वांत मोठा गैरसमज पाच वर्षांचा. 1956 च्या कायद्याच्या कलम 6 मध्ये, पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे म्हटले आहे. त्याचा अर्थ लोकांनी असा लावला आहे की पाचवा वाढदिवस झाला की मूल आपोआप वडिलांचे होते. हा वाढदिवस येईपर्यंत थांबलेली आणि दुसऱ्या दिवशी मूल आणायला गेलेली कुटुंबे आहेत. कायद्यात असे काहीही नाही. पाच वर्षांखालील मुलाच्या बाबतीत कल आईकडे असतो आणि तो बदलायचा असेल तर आईकडे मूल देणे अहिताचे आहे हे वडिलांना दाखवावे लागते, हे गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने नि:संदिग्धपणे सांगितले. पाच वर्षांनंतर दोघेही मुलाच्या हिताच्या एकाच कसोटीवर उभे राहतात, एवढाच फरक पडतो. (कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने तर 1989 च्या आपल्या 133 व्या अहवालात ही वयोमर्यादा बारा वर्षांपर्यंत न्यावी अशी शिफारस केली होती. ती तशीच राहिली.)

दुसरा समज 'मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे' हा. गावच्या बैठकीत चार पंचांनी असा निवाडा केला की तो सगळ्यांना न्याय्य वाटतो, कारण प्रत्येकाला एकेक मिळालेले असते. घर तुटत असताना ज्या दोघा भावंडांना एकमेकांचाच काय तो आधार उरलेला असतो, त्यांचीही त्यात वाटणी होते. कायद्याला अशी वाटणी मान्य नाही. तिसरा समज असा की कमावत नसलेल्या आईला ताबा मिळत नाही. मुलाच्या पालनपोषणासाठी पोटगी असते ती नेमकी याचसाठी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, ती मागता येते. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड केली पाहिजे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून दिली गेली पाहिजे, हे नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली देशभरासाठी ठरवून दिले आहे. तरीही माहेरी आलेली मुलगी 'माझ्याकडे नोकरी नाही, मूल माझ्याकडे ठेवणार नाहीत' या भीतीने महिनोन् महिने गप्प बसते आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ पुढे न्यायालयात 'तिने मुलाची चौकशीसुद्धा केली नाही' असा लावला जातो.

पालकत्वाच्या, म्हणजे मुलाच्या वतीने सह्या आणि निर्णय करण्याच्या अधिकाराच्या, बाबतीतही असेच. त्याच कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून प्रथम वडील आणि त्यांच्यानंतर आई असा क्रम आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले, तेव्हा वडिलांच्या सहीचा आग्रह धरला गेला आणि त्यातून 1999 चा प्रसिद्ध निकाल आला. वडील हयात असले तरी ते मुलाची जबाबदारी घेत नसतील, किंवा परस्परसंमतीने ती पूर्णपणे आईकडे असेल, तर आई नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. या निकालाला पाव शतक उलटले, तरी विभक्त राहणाऱ्या बाईला बँकेत, शाळेत आणि सोसायटीच्या कार्यालयात 'मिस्टरांची सही आणा' हे अजूनही ऐकावे लागते. लग्नाविना एकत्र राहून विभक्त झालेल्या जोडप्यांची स्थिती वेगळी आहे. त्यांच्या मुलांच्या बाबतीत कायदा आईलाच आधी मानतो आणि वडिलांचे नाव उघड न करता तिला पालक नेमता येते, असा 2015 चा निर्णय आहे. धर्मपरत्वे विवाहाचे कायदे निरनिराळे असले, तरी 1890 चा पालक व पाल्य अधिनियम सर्वांना खुला आहे.

आता कागदांविषयी. विभक्त होताना आपल्याकडे जो पहिला कागद तयार होतो तो न्यायालयाचा नसतो. तो असतो नोटरीसमोर केलेला शंभर रुपयांच्या, आता पाचशे रुपयांच्या, स्टॅम्प पेपरवरचा फारकतीचा लेख. एखाद्या जमातीची सिद्ध होणारी रूढी सोडली, तर अशा कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. पण त्यातले मुलाविषयीचे कलम मात्र लोक वेदवाक्य मानतात. 'मी मुलावर कोणताही हक्क सांगणार नाही' असे त्यात एका बाजूने लिहून दिलेले असते आणि त्या कागदाच्या बळावर वर्षानुवर्षे भेट नाकारली जाते. मुलाविषयी आईबापांनी आपसांत काहीही लिहून घेतले, तरी न्यायालयावर ते बंधनकारक नसते. ताब्याचे आदेश त्यांच्या स्वभावानेच तात्पुरते असतात, परिस्थिती बदलली की तेही बदलता येतात, आणि मुले म्हणजे आईबापांच्या मालकीची वस्तू किंवा खेळणी नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच सांगून ठेवले आहे. तेव्हा असा कागद करून बसलेल्या कोणाही पालकाने 'आता काही होणार नाही' असे मानण्याचे कारण नाही.

याहून वाईट सौदा परस्परसंमतीच्या घटस्फोटात होतो आणि तो न्यायालयाच्या आवारातच होतो. कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, लिहिताना एकीकडे पोटगी, दागिने, फ्लॅटमधला वाटा आणि दुसरीकडे मूल असा हिशेब मांडला जातो. 'मला काही नको, फक्त लेकरू द्या' असे म्हणून आई स्वतःच्याच नव्हे तर मुलाच्या पोटगीवरही पाणी सोडते. मुलाचा निर्वाहाचा हक्क त्याचा स्वतःचा आहे, आईला तो सोडून देता येत नाही आणि पुढे तो मागता येतो, हे तिला सह्या करताना फारसे कोणी सांगत नाही. वडिलांच्या बाजूनेही असाच अन्याय होतो. फौजदारी तक्रार मागे घ्यायची तर मुलाच्या भेटीचा आग्रह सोडा, असा प्रस्ताव येतो आणि थकलेला माणूस सही करतो. पोटगी थकली म्हणून भेट नाकारता येत नाही आणि भेट दिली नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत, पण प्रत्यक्षात त्या सतत एकमेकींच्या गळ्यात बांधल्या जातात.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 26 खाली, दावा चालू असताना मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याविषयी न्यायालय अंतरिम आदेश देऊ शकते. 2001 साली या कलमात दुरुस्ती होऊन एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली पुरवणी तरतूद, जोडले गेले. त्यानुसार मुलांच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा अर्ज, शक्य तोवर, समोरच्या पक्षावर नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढायचा आहे. हे परंतुक मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी मला एकच खटकते. त्यात पालनपोषण आहे, शिक्षण आहे, पण ताबा नाही आणि भेटही नाही. म्हणजे मुलाच्या फीची व्यवस्था दोन महिन्यांत व्हावी असे संसदेला वाटले, पण मुलाने आपल्या आईला किंवा वडिलांना किती दिवसांत पाहावे, याला मुदत घालावी असे वाटले नाही. विशेष विवाह अधिनियमाच्या कलम 38 मध्येही हीच रचना आहे. पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम 12 मध्ये अंतरिम आदेशाचा अधिकार आहे, मुदत नाही.

बरे, जी साठ दिवसांची मुदत आहे तीही नोटीस बजावल्यापासून मोजायची. समन्स घेऊन गेलेल्या बेलिफाला, म्हणजे न्यायालयाच्या कर्मचाऱ्याला, दार बंद मिळते, 'बाहेरगावी गेले आहेत' असा शेरा पडतो आणि पत्ता बदलून पुन्हा समन्स निघते. नोटीस बजावली गेली तर वकीलपत्र दाखल करायला एक तारीख, म्हणणे मांडायला दुसरी आणि समुपदेशनासाठी तिसरी जाते. समझोत्याचा प्रयत्न करणे हे 1984 च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने न्यायालयावर टाकलेले कर्तव्य आहे आणि महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांतले विवाह समुपदेशक हे काम मनापासून करतात, असा माझा अनुभव आहे. पण समुपदेशन चालू आहे म्हणून भेटीचा अर्ज बाजूला ठेवला जातो, तेव्हा मुलाला न भेटलेला पालक समझोत्याच्या मन:स्थितीत नसतो. आधी भेट सुरू झाली तर समुपदेशनाला अर्थ येतो, हे कोणीही समुपदेशक सांगेल.

भेट सुरू होते तेव्हाही ती कशी होते ते पाहण्यासारखे आहे. मोठ्या शहरांच्या कौटुंबिक न्यायालयांत मुलांसाठी स्वतंत्र खोली असते, खेळणी असतात आणि सुरुवातीच्या भेटी तिथे होतात. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे प्रकरण जिल्हा न्यायालयात चालते आणि अशी खोली बहुधा नसते. मग न्यायालयाच्या व्हरांड्यात, देवळात, एखाद्या बागेत किंवा हॉटेलच्या टेबलावर तासाभराची भेट ठरते. महिन्या-दोन महिन्यांनी भेटणारा बाप चॉकलेटे आणि रिमोटची गाडी घेऊन येतो, मूल आजीच्या पदराला धरून उभे असते आणि दोन्हीकडचे नातेवाईक दहा पावलांवरून पाहत असतात. अशा तासाभरानंतर मूल 'मला नाही भेटायचे' म्हणाले, तर ते त्याचे स्वतःचे मत की पढवलेले, हे कोण सांगणार? कायद्याने समजत्या वयाच्या मुलाची इच्छा विचारात घेता येते आणि अनेक न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात एकटे, आपुलकीने बोलतात. पण सहा महिने एकाच घरातली एकच बाजू ऐकलेल्या सात वर्षांच्या मुलाकडून आपण किती अपेक्षा ठेवायची? 

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये एका निकालात म्हटले आहे की आई आणि वडील दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला प्रत्यक्ष भेटीबरोबरच फोन व व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा हक्क दिला गेला पाहिजे. त्या निकालानंतर थोड्याच आठवड्यांत टाळेबंदी आली आणि तोवर ज्याला निव्वळ औपचारिकता समजले जात होते, ते व्हिडिओ कॉल हाच एकमेव दुवा राहिला. या अनुभवानंतर, पहिल्याच तारखेला, दोन्ही बाजूंचे म्हणणे दाखल होण्याची वाट न पाहता, ठरावीक दिवशी ठरावीक वेळी व्हिडिओ कॉलचा आदेश देण्यात अडचण काय आहे, हे मला कळत नाही. त्याला ना खोली लागते ना पोलीस बंदोबस्त.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मारहाणीला कंटाळून रात्री मुलाला कडेवर घेऊन बाहेर पडलेल्या बाईच्या मागे असे 'जलद' भेटीचे आदेश लागले, तर तो तिच्या नवऱ्याच्या हातातला नवा चाबूक होईल. म्हणूनच मुदत हवी ती निर्णयाला. निर्णय भेटीच्याच बाजूने व्हावा, अशी सक्ती नको. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 21 खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा अर्जदार स्त्रीला देऊ शकतात आणि भेट मुलाला अपायकारक ठरेल असे वाटले तर ती नाकारूही शकतात. त्याच कायद्यात पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असेही म्हटले आहे. हिंसाचाराचा आरोप असेल तिथे तर लवकर निर्णय होण्याची गरज अधिकच आहे, कारण आरोप खरा असेल तर मुलाला संरक्षण हवे आणि खोटा असेल तर त्या आरोपाच्या सावलीत वर्षे जायला नकोत.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. अमेरिकेत किंवा युरोपात वाढणारे मूल सुट्टीसाठी पुण्याला किंवा ठाण्याला आणले जाते आणि परतीचे तिकीट वापरले जात नाही. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याविषयीच्या 1980 च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे तिथल्या न्यायालयाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही आणि प्रत्येक प्रकरणात आपली न्यायालये मुलाचे हित नव्याने तपासतात. इथेही मूल इथे येऊन किती दिवस झाले, हा प्रश्न निर्णायक होऊन बसतो.

विधी आयोगाने मे 2015 मध्ये सादर केलेल्या 257 व्या अहवालात आई-वडिलांना पालक म्हणून समान दर्जा द्यावा, संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणावा, मध्यस्थी, भेटी, सुट्ट्यांची विभागणी, स्थलांतर आणि आजी-आजोबांची भेट याविषयी मार्गदर्शक तत्त्वे असावीत, अशा शिफारशी केल्या. संयुक्त ताब्याविषयी मी स्वतः फार उत्साही नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 साली एका मुलाचे वर्ष अर्धे-अर्धे वाटून पहिले सहा महिने वडिलांकडे आणि पुढचे सहा आईकडे दिले होते. दोन्ही घरे एकाच शहरात आणि दोघांत किमान बोलणे असेल तर हे जमेल. एक घर कोथरूडला आणि दुसरे लातूरला असेल, तर मुलाची शाळाच होणार नाही. पण तो अहवाल पूर्ण न स्वीकारताही, मुदतीचा प्रश्न सोडवता येतो.

त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागणार नाही. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम 21 खाली कार्यपद्धतीचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. ज्या दाव्यात अज्ञान मूल आहे, त्या दाव्यासोबत मूल सध्या कुठे आहे, कधीपासून आहे, कोणत्या शाळेत आहे आणि दुसऱ्या पालकाशी शेवटची भेट कधी झाली, याचे एक पानी निवेदन सक्तीचे करावे. भेटीच्या अर्जावर पहिला आदेश, मग तो नकाराचा का असेना, दाखल झाल्यापासून तीस दिवसांच्या आत व्हावा. समन्स टाळले जात असेल तर ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरून नोटीस पोहोचवण्याची मुभा अशा अर्जांत सरसकट असावी. आणि वेगळे झाल्यानंतर अर्ज दाखल होईपर्यंत मूल ज्याच्याकडे राहिले त्या काळाला, केवळ तो गेला म्हणून, अंतरिम आदेशात वजन दिले जाणार नाही, एवढे स्पष्ट लिहावे. शेवटच्या सूचनेला माझे काही सहकारी विरोध करतील, याची मला कल्पना आहे.

ज्यांचे वेगळे होणे गेल्या काही आठवड्यांतच घडले आहे आणि जे अजून कोणाकडेच गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी एक गोष्ट लिहून थांबते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. पुरुषांना साधारणपणे ठरावीक उत्पन्न मर्यादेत मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याच्या न्यायालयात समिती असते आणि दावा दाखल करण्यापूर्वीच दोन्ही पक्षांना बोलावून मध्यस्थी करण्याची सोय तिथे आहे. मुलाची भेट, शाळा आणि दिवाळी व मे महिन्याच्या सुट्ट्या यांपुरतीच मध्यस्थी मागता येते, घटस्फोटाचा विषय काढलाच पाहिजे असे नाही. तिथे अर्ज साध्या कागदावर, मराठीत देता येतो आणि 15100 या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

आपली,
कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारी एक वाचक,
पुणे